चालती गाडी अचानक बंद पडली आणि स्पार्क नाही: दोष कसा शोधायचा

चालत्या पेट्रोल गाडीचे इंजिन अचानक बंद पडते, सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही. स्पार्क नाही एवढे कळले की सुटे भाग बदलण्याची घाई सुरू होते. आधी प्लग, मग कॉइल, मग आणखी काही. यातला पहिला बदल जवळजवळ नेहमी वाया जातो, कारण चार सिलिंडरचे चार प्लग एकाच क्षणी खराब होत नाहीत. सगळे सिलिंडर एकदम थंडावले असतील तर दोष त्या सगळ्यांच्या सामाईक वाटेवर असतो.

ती वाट अशी. बॅटरीतून इग्निशन स्विच, तिथून फ्यूज आणि रिले, मग कॉइलचे प्रायमरी वाइंडिंग. कॉइलची दुसरी बाजू इग्निशन मॉड्यूल (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडतो आणि नेमक्या क्षणी तोडतो. तोडला की सेकंडरी वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. कधी तोडायचे हे क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचे फिरणे ओळखणारा) किंवा डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागातला) पिकअप सांगतो. जुन्या गाड्यांत ही दोन्ही कामे पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट, करतात. करंट या वाटेवर कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, एवढेच शोधायचे आहे.

आणि ते गाडी बंद पडलेली असतानाच शोधायचे. अर्ध्या तासाने थंड होऊन पुन्हा चालू झालेल्या गाडीवर मीटर सगळीकडे बरोबर आकडे दाखवतो आणि दोष हाती लागत नाही. गाडी अशी एकदा जरी बंद पडली असेल, तर टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि स्पार्क टेस्टर डिकीत ठेवा. पुढच्या वेळी बंद पडल्यावरची पहिली दहा मिनिटे फार मोलाची असतात.

बंद पडताना गाडीने काय दाखवले

आधी गाडी सुरक्षित कडेला घ्या. इंजिन बंद झाले तरी ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यामुळे ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. गाडी थांबेपर्यंत किल्ली लॉकच्या जागी नेऊ नका.

पेट्रोल कमी पडून बंद होणारी गाडी सहसा आचके देते, ताकद सोडते, अ‍ॅक्सिलरेटर मारल्यावर क्षणभर उचलते आणि मग बंद पडते. इग्निशन गेलेली गाडी किल्ली बंद केल्यासारखी एका क्षणात थंड होते. त्या वेळी टॅकोमीटरचा काटा कुठे होता ते आठवा. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल तर चाके इंजिनाला फिरवत राहतात, म्हणजे काट्याने आरपीएम दाखवायलाच हवा. इंजिन फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल, कॉइलची प्रायमरी बाजू किंवा ईसीयूचा पुरवठा यांतले काहीतरी गेले, असे धरून चालायला हरकत नाही.

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे त्याच क्षणी गेले असतील तर इग्निशनच्या आधी बॅटरी टर्मिनल, मुख्य फ्यूज आणि इग्निशन स्विच पाहा. खड्ड्यात आपटल्यावर गाडी बंद पडत असेल तर संशय सैल टर्मिनल, घासलेली वायर किंवा स्विच यांच्यावर जातो. किल्लीला जड जुडगा लटकत असेल तर तो आधी काढा. जनरल मोटर्सने २०१४मध्ये इग्निशन स्विचच्या दोषामुळे लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यांत किल्ली धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने ‘ऑन’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर सरकत असे आणि चालती गाडी बंद पडत असे.

सेल्फ मारण्याआधी आणि मारताना

किल्ली ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा. तो लागला नाही तर ईसीयूला पुरवठाच नाही, असा पहिला अर्थ घ्या. अशा वेळी कॉइल तपासण्यात वेळ घालवू नका, मेन रिले, ईसीयूचा फ्यूज आणि त्याच्या अर्थिंगच्या वायरी पाहा. मेन रिलेच्या आतला सांधा उष्णतेने तडकण्याचा दोष बराच आढळतो. रिलेवर बोटाने टकटक केल्यावर दिवा लागला तर रिले बदला. किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून पाहा, आणि तपासताना चिपच्या बाकीच्या किल्ल्या लांब ठेवा.

आता सेल्फ मारा आणि कान द्या. इंजिनाचा नेहमीचा जड-हलका ताल जाऊन ते एकसारखे, भरभर आणि विनाअडथळा फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. ऑइल भरण्याचे झाकण काढा आणि दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगून कॅमशाफ्ट फिरते का ते बघा. कॅम फिरत नसेल तर सेल्फ मारणे तिथेच थांबवा. पुष्कळ इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. कॅमवरून चालणारा डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत बेल्ट तुटला की स्पार्कही जातो, आणि मग लोक कॉइल बदलत बसतात.

किल्ली बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट असावेत आणि सेल्फ फिरताना ते ९.६च्या खाली जाऊ नयेत. त्याहून बरेच खाली गेले तर सेल्फ कसाबसा फिरतो, पण ईसीयू स्पार्क सोडत नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि दोन वेळांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबा.

सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा किंचित हलतो का, हेही बघा. स्कॅनर असेल तर लाइव्ह डेटात आरपीएम पाहा. साधारण १५० ते २५० दिसले की क्रँक सेन्सर ईसीयूशी बोलतो आहे. इंजिन फिरत असून आकडा शून्य असेल तर अर्धे निदान झाले.

स्पार्क खरोखर नाही ना?

प्लग काढून इंजिनावर टेकवायचा आणि ठिणगी बघायची, ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि फसवते. उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला अशक्त कॉइललाही जमते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तेवढ्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर वापरा. पॉइंटच्या सिस्टिमने ६-७ मिलिमीटर आणि इलेक्ट्रॉनिक सिस्टिमने १० मिलिमीटरच्या पुढची फट निळसर, कडकडणाऱ्या ठिणगीने ओलांडली पाहिजे. पिवळी, बारीक, अधूनमधून येणारी ठिणगी म्हणजे स्पार्क नाही असेच समजा.

तपासण्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, म्हणजे उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ ठिणगीजवळ येणार नाही. त्याच फ्यूजवर ईसीयूचा पुरवठा तर नाही ना, हे फ्यूजच्या झाकणावरच्या नकाशात बघून घ्या, नाहीतर स्पार्क तुम्हीच घालवाल. टेस्टरची क्लिप इंजिनाच्या स्वच्छ धातूवर घट्ट बसवा. प्लगची वायर हातात धरू नका, आणि ती काहीही न जोडता मोकळी सोडून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडते किंवा मॉड्यूल जाळते. आधुनिक कॉइल २५ ते ४० हजार व्होल्ट देते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामाजवळही येऊ नये.

डिस्ट्रिब्युटर असेल तर पहिली तपासणी कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या जाड वायरवर करा. तिथे दणकट ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर दोष कॅप (डिस्ट्रिब्युटरचे झाकण), रोटर (त्याच्या आत फिरणारा तुकडा) किंवा प्लगच्या वायरींत. तिथेही नाही तर कॉइल किंवा तिच्या मागे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर निदान दोन कॉइल तपासा. एकच मेलेली असेल तर गाडी मिसफायर करत चालते, बंद पडून राहत नाही. चारहींवर ठिणगी नसेल तर चारही कॉइल निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त.

पेट्रोलचाही अंदाज आत्ताच घ्या. फ्यूज परत लावून इंजेक्टरच्या सॉकेटमध्ये नॉइड लाइट (इंजेक्टरला इशारा मिळाला की लुकलुकणारा छोटा दिवा) लावा आणि सेल्फ मारा. स्पार्क नाही आणि इंजेक्टरचा दिवाही लुकलुकत नाही, तर संशय क्रँक सेन्सर, ईसीयूचा पुरवठा आणि इमोबिलायझर या तिघांवर येतो. इंजेक्टर चालतो पण स्पार्क नाही, तर कॉइल, मॉड्यूल आणि त्यांचा पुरवठा पाहा. एवढ्या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून सुटते.

कॉइलच्या पॉझिटिव्हवर

टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, किल्ली ऑन करा आणि टोक कॉइलच्या पॉझिटिव्हवर टेकवा. बल्ब भरपूर उजळला पाहिजे. इथे मल्टिमीटरपेक्षा बल्बवर विश्वास ठेवा. आतून कुजून एकच तार उरलेली वायरसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते, पण तिच्यावर पाच वॉटचा बल्ब नीट पेटत नाही. काही गाड्यांत ईसीयू कॉइलचा पुरवठा एक-दोन सेकंदांतच बंद करतो आणि सेल्फ मारताना पुन्हा देतो. म्हणून बल्ब लावून ठेवूनच सेल्फ मारा.

सेल्फ मारताना बल्ब विझत असेल तर इग्निशन स्विचचा स्टार्टच्या जागेचा कॉन्टॅक्ट गेला. याच्या उलट प्रकार जुन्या, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा रेझिस्टर) असलेल्या गाड्यांत दिसतो. सेल्फ मारताना गाडी चालू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते. सेल्फच्या वेळी करंट बॅलास्टला वळसा घालून जातो, किल्ली सोडल्यावर त्याच्यातून जातो. तो जळलेला असला की हे असे होते.

बल्ब पेटतच नसेल तर फ्यूज पाहा. उडालेला फ्यूज नुसता बदलून पुढे जाऊ नका. एखाद्या कॉइलचा प्रायमरी शॉर्ट किंवा एक्झॉस्टवर टेकलेली वायर त्यामागे असते. सगळ्या कॉइल काढा, नवा फ्यूज लावा, मग एकेक कॉइल जोडत जा. ज्या कॉइलला फ्यूज उडेल ती दोषी. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा रिमोट लॉक असेल तर त्याने इग्निशनची वायर कापून केलेला जोड शोधा. नुसती टेप गुंडाळलेले असे जोड काही वर्षांनी हमखास सुटतात.

निगेटिव्हवर

आता टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, टोक कॉइलच्या निगेटिव्हवर ठेवा आणि सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर सेन्सर, मॉड्यूल आणि वायरिंग आपले काम करत आहेत आणि दोष कॉइलमध्ये आहे. लुकलुकत नसेल तर कॉइलला कोणी तोडतच नाही, मागे जा.

तीन किंवा चार पिनांच्या कॉइलवर ही चाचणी करू नका. तिच्यात मॉड्यूल आतच असतो आणि ईसीयूकडून येणारी वायर फक्त पाच व्होल्टांचा इशारा वाहते. साधा बल्ब तिथे जास्त करंट ओढतो. त्या वायरवर एलईडीचा टेस्टर किंवा ऑसिलोस्कोप लावा. अशा कॉइलला ओहममीटरने तपासूनही काही कळत नाही.

दोन टर्मिनलच्या साध्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स इलेक्ट्रॉनिक सिस्टिममध्ये बहुधा ०.४ ते २ ओहम भरतो. पॉइंटच्या गाडीत बॅलास्ट असेल तर सुमारे १.५, नसेल तर ३ ओहम. सेकंडरी ६ ते १५ हजार ओहमच्या दरम्यान. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. थंड कॉइलचा आकडा बरोबर आला म्हणून ती सुटली असे नाही. वाइंडिंग तापून प्रसरण पावल्यावर उघडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते.

निगेटिव्ह टर्मिनल सतत अर्थला चिकटलेले दिसले तर टॅकोमीटरकडे जाणारी वायर तिथून काढून पुन्हा सेल्फ मारा. ती वायर कुठेतरी शॉर्ट असली तरी सगळा स्पार्क मरतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्रँक सेन्सर

गाडी गरम झाल्यावर बंद पडते, पंधरा-तीस मिनिटांनी मुकाट्याने चालू होते, पुन्हा तापल्यावर बंद पडते. इंजेक्शनच्या गाडीत हे लक्षण दिसले की पहिला संशय याच्यावर. हा सेन्सर क्रँक पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलच्या घेरावर, उष्णता आणि तेलाच्या सान्निध्यात बसलेला असतो. पी ०३३५ हा कोड त्याच्या सर्किटचा. पण कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला, असे समजू नका. सिग्नलच येत नसेल तर काही ईसीयूंना इंजिन फिरते आहे हेच कळत नाही, मग ते कोड कशाचा टाकणार?

दोन वायरींचा सेन्सर बहुधा चुंबकीय असतो. सॉकेट काढून त्याचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो २०० ते १५०० ओहमच्या दरम्यान येतो. अनंत दाखवला तर आतली तार तुटली. दोन्ही पिनांपासून सेन्सरच्या धातूपर्यंत काहीच जोड दिसता कामा नये. मग मीटर एसी व्होल्टवर लावून सेल्फ मारा. निदान अर्धा व्होल्ट मिळाला पाहिजे. कमी आला तर सेन्सर काढून टोक पुसा, कारण चुंबकाला चिकटलेला लोखंडी चुरा सिग्नल दुबळा करतो. टोक आणि दातेरी चाक यांतली फट साधारण ०.५ ते १.५ मिलिमीटर असते. बोल्ट सैल झाला किंवा सेन्सर तिरका बसला की ती वाढते.

तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक चिपवर चालणारा. त्याला ओहममीटर लावू नका, आकड्याला अर्थ नसतो. किल्ली ऑन ठेवून सॉकेटमध्ये एका पिनवर ५ किंवा १२ व्होल्टांचा पुरवठा, दुसरीवर चांगला अर्थ आणि तिसरीवर ईसीयूने दिलेला सिग्नलचा व्होल्टेज आहे का ते बघा. हे तिन्ही असून सेन्सर जोडल्यावर सेल्फ मारताना सिग्नल वरखाली होत नसेल, तर सेन्सर बदला.

पुरवठ्याचे ५ व्होल्टच नसतील तर लगेच ईसीयूला दोष देऊ नका. ही पाच व्होल्टांची लाइन अनेकदा थ्रॉटल सेन्सर, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि इतरांना सामाईक असते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. मीटर त्या लाइनवर लावून ठेवा आणि एकेका सेन्सरचे सॉकेट काढत जा. ज्या क्षणी ५ व्होल्ट परत येतील, तो सेन्सर गुन्हेगार.

गाडी आत्ता बंद आहे आणि गरम आहे, तर सेन्सरवर थंड पाण्यात पिळलेले फडके दोन-तीन मिनिटे दाबून धरा आणि सेल्फ मारा. बाकी इंजिन तसेच गरम असताना गाडी चालू झाली तर दोष सापडला. हीच युक्ती डिस्ट्रिब्युटरला लागून बसवलेल्या इग्निशन मॉड्यूलसाठीही चालते, फक्त पाणी कनेक्टरमध्ये जाऊ देऊ नका. मॉड्यूल बदलताना त्याच्याखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायला विसरू नका. ती नसली की नवा मॉड्यूलही तापून लवकरच जातो. आणि त्याचे बोल्ट म्हणजेच अनेकदा त्याचे अर्थिंग असते, तेव्हा बैठक घासून स्वच्छ करा.

सेन्सर बदलण्याआधी त्याच्या वायरी हाताने चाचपून घ्या. एक्झॉस्टजवळ वितळलेले आवरण किंवा सॉकेटमध्ये झिरपलेले ऑइल सापडले तर नवा सेन्सर तोच दोष पुन्हा दाखवेल.

डिस्ट्रिब्युटरच्या आत

कॅप उघडून सेल्फ मारायला सांगा. रोटर फिरतो का? फिरत नसेल तर ड्राइव्हची पिन, गिअर किंवा बेल्ट तुटला. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट त्या कार्बनच्या वाटेने पळतो आहे. पुसून भागत नाही, कॅप बदला. मधला कार्बन ब्रश स्प्रिंगवर आतबाहेर होतो का ते बोटाने पाहा. रोटरमधून करंट खाली शाफ्टमध्ये फुटण्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही. कॉइलच्या वायरवर ठिणगी, सगळ्या प्लगवर शून्य आणि कॅप स्वच्छ, असे असेल तर रोटर बदलून पाहणेच शहाणपणाचे. ओलावा असेल तर कॅप आतून-बाहेरून कोरडी करा.

पॉइंट असतील तर मीटर कॉइलच्या निगेटिव्हवर लावा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट उघडे असताना १२ व्होल्ट, मिटलेले असताना जवळजवळ शून्य दिसायला हवे. कायम शून्य असेल तर कंडेन्सर शॉर्ट आहे, वायर बॉडीला टेकली आहे किंवा फायबरची टाच झिजून पॉइंट उघडतच नाहीत. कायम १२ असतील तर पॉइंट जळले आहेत किंवा बेस प्लेटची बारीक अर्थ वायर तुटली आहे. ही वायर व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सबरोबर सतत वाकते, आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून अखंड दिसते. पॉइंटची फट बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. पॉइंटवरच मोठी, भगभगीत ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदला.

ईसीयूला हात लावण्याआधी

पुरवठा, अर्थ, क्रँक सेन्सरचा सिग्नल आणि इमोबिलायझर हे चारही ईसीयूच्या सॉकेटपर्यंत बरोबर पोचतात आणि तरी तो कॉइल तोडत नाही, हे मोजून सिद्ध झाल्याशिवाय ईसीयू खराब म्हणू नका. सेल्फ मारताना ईसीयूची अर्थ पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांत ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अर्थिंग आधी दुरुस्त करा. ईसीयू खरोखर जळला असेल तर नवा बसवण्याआधी प्रत्येक कॉइलचा प्रायमरी मोजा. बहुतेकदा शॉर्ट झालेल्या कॉइलनेच त्याचा ट्रान्झिस्टर जाळलेला असतो, आणि ती कॉइल तशीच राहिली तर नवा ईसीयूही पहिल्याच स्टार्टला जळेल.

स्पार्क परत आल्यावर गाडी लगेच सुरू झाली नाही तर घाबरू नका. तपासणीच्या वेळी आत गेलेल्या पेट्रोलने प्लग ओले झालेले असतात. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर वाळतात. तेवढ्याने भागले नाही तर प्लग काढून सुकवा. शेवटी ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर गाडी लांब नेण्याआधी ऑइल बदला.